नणंद म्हणते, तुमच्याकडे लेकरांना फिरायला न्यायला काहीच नाही

या वेळचं पत्र गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यातल्या एका ताईचं आहे. गावाचं नाव टाकू नका म्हणाल्या, नाही टाकत. पत्र लांब होतं, थोडं आवरून देते.

"नमस्कार ताई. दरवर्षी दिवाळीत माझी नणंद पुण्याहून येते, तिची दोन लेकरं घेऊन. मोठा ११ चा, लहानी ७ ची. माझी दोन त्यांच्याच वयाची. हप्ताभर राहतात आणि दिवसभर मोबाईल धरून बसून राहतात. नणंद म्हणते, वहिनी तुमच्याकडे लेकरांना न्यायला काहीच नाही, आमच्याकडे गल्लीगल्लीत गार्डन आहे. मला लागते हे. आमचे हे म्हणतात यंदा सगळ्यांना सफारीला नेऊ, पण कापणीचे दिवस, मजुरी द्यायची, पैसे कुठून आणायचे? गावात मोठा तलाव आहे पण सासूबाई लेकरांना तिकडे फिरकू देत नाहीत, काही वर्षाआधी गावातला एक पोरगा बुडून गेला. जंगलाकडे न्यावं तर वाघाची भीती. मी स्वतः तलावावर जाते ते फक्त कपडे धुवायला. कमी पैशात कुठे नेता येईल ते सांगा. नणंदेला काही बोलू का नको? आणि एक, तलावातले शिंगाडे लेकरांना कच्चे दिले तर चालतात का?"

ताई, आधी सफारीचं निपटवून टाकते, नाहीतर तुमचे हे बुकिंग करून मोकळे होतील आणि मंग बोलून काही फायदा नाही. यंदा नका करू. सफारी वाईट असते असं नाही, पण हिशेब पाहा, एका जिप्सीत सहा जण बसतात आणि तुम्ही दोघं, नणंद, चार लेकरं, जावई आले तर ते, सासूबाई मागे राहायला तयार झाल्या तरी दोन जिप्स्या झाल्या. जिप्सीचं भाडं वेगळं, एन्ट्री वेगळी, गाईड वेगळा. त्यात सकाळची पाळी असली तर अंधारात उठून थंडीत गेटवर जाऊन उभं राहायचं, सात वर्षाची पोरगी पहिला तास मजेत काढते आणि मंग विचारते अजून किती वेळ आहे. वाघ दिसेलच याची काही गॅरंटी नाही, आणि आपल्या नवेगाव-नागझिऱ्यात ताडोबासारखे वाघ जागोजागी बसलेले नाहीत, म्हणून तर २०२३ साली ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडाव्या लागल्या. वाघ नाही दिसला की नणंद काय म्हणेल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. लेकरं बारा-तेराच्या पुढे गेली, गाडीत चुपचाप बसून चितळ-गवा पाहायची त्यांना आवड लागली, की मंग करा, गर्दी नसलेला साधा वार पाहून.

आता तलाव. खरं म्हणजे तुमच्या पत्राचं उत्तर तिथंच आहे आणि अडचणपण तिथंच आहे, म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

आपल्या भंडारा-गोंदियाकडच्या गावांत जे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी (जुन्या जमीनदारीतले) तलाव आहेत तशी गोष्ट पुण्याच्या गल्लीत कुठून येणार. कोहळी लोकांनी हे बांधले, धान पिकवायला, शे-दोनशे वर्षांपासून आणि काही तर त्याच्याहीआधीचे. मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, पण पाणी तेच आणि पाळ, म्हणजे मातीचा बांध, तोच. आपण त्याला फिरायची जागा समजतच नाही, आपल्यासाठी तो कपडे, म्हशी, मासे आणि धानाचं पाणी. नणंदेला एक गोष्ट गमतीत सांगून पाहा, भांडणासाठी नाही. पुण्याची सारसबाग तिच्या लेकरांनी पाहिलीच असेल, तिथल्या गणपतीला तळ्यातला गणपती म्हणतात कारण तिथं पेशव्यांनी बांधलेलं मोठं तळं होतं, ते पुढे भरून टाकलं आणि बाग केली. आपलं तळं अजून तळंच आहे. (बाग छान आहे, खोटं काऊन बोलायचं. झोके, घसरगुंडी, भेळ, लेकरांना अजून काय लागते.)

पण सासूबाई जे म्हणतात ते हसण्यावारी नेऊ नका. गावातलं लेकरू गेलेलं ज्या बाईने पाहिलं आहे तिला "काही होत नाही आई" म्हणून चालत नाही. त्यांची भीती खरी आहे, फक्त ती पूर्ण तलावावर पसरली आहे. तलावाचा कोणता भाग घातक आणि कोणता नाही हे एकदा ठरवून घेतलं की त्यांनाही बरं वाटेल.

पाळीवरून चालण्यात काही धोका नाही, पाळ रुंद असते, वर झाडं असतात. धोका पाण्यात उतरण्यात आहे, आणि तोही सगळीकडे सारखा नाही. जुन्या तलावांचं पोट उथळ असते, हळूहळू खोल होत जाते, पण आता बऱ्याच तलावांतून जेसीबी लावून गाळ काढलेला आहे, २०१७ पासून गाळमुक्त धरणाची योजना आली तेव्हापासून तर जास्तच, आणि जिथं पोकलेन-जेसीबी चालला तिथं उभे खड्डे पडतात. उन्हाळ्यात दिसतात, पावसाळ्यानंतर वरून सपाट पाणी. कमरेएवढ्या पाण्यात चालता चालता पुढच्या पावलाला डोक्यावर पाणी. गावातल्या जुन्या माणसालाही हे खड्डे माहीत नसतात कारण त्याच्या लहानपणी ते नव्हतेच. मुरुमाच्या खदानीतही हेच, तिकडे तर लेकरांना अजिबातच नेऊ नका, काठ ढासळते आणि वर यायला धरायला काही नसते.

दुसरं म्हणजे शिंगाडा आणि कमळ. दिवाळीत तलावात शिंगाड्याच्या वेली भरून असतात, त्या पायात गुंततात आणि माणूस जितका पाय झाडते तितकी वेल आवळते. पोहणारा पोट्टाही त्यात अडकतो. तिसरं सांडवा आणि गेटाजवळचा भाग, तिथं शेवाळ असते.

म्हणून नियम सोपा ठेवा. या दिवाळीत पाण्यात उतरणं नाही, कोणाचंच नाही, मोठ्यांचंही नाही, कारण मामा उतरला की भाचा उतरतोच. घाटाच्या पायरीवर पाय भिजवायचे तेही एक मोठा माणूस शेजारी बसून, मोबाईल खिशात ठेवून. चार लेकरांमागे दोन मोठे पाहिजेत आणि कोण पाहते आहे हे तोंडाने ठरवून घ्या. सगळे असतात तेव्हा कोणीच पाहत नसते, बुडण्याच्या बहुतेक गोष्टी अशाच होतात. सोबत बैलाचा कासरा नाहीतर कोणताही नायलॉनचा लांब दोर घ्या आणि तेलाचा रिकामा पाच लिटरचा डबा झाकण घट्ट लावून दोराच्या टोकाला बांधा. कोणी पडलंच तर उडी मारायची नाही, डबा फेकायचा आणि ओढायचं. एकाला वाचवायला दुसरा जातो आणि दोन्ही जातात, पेपरात आपण दर उन्हाळ्यात वाचतो. बाहेर काढल्यावर उलटं टांगणं, पोटावर दाबणं, गरगर फिरवणं हे गावात अजून करतात, त्यात वेळ जातो. श्वास चालू नसेल तर तोंडाने श्वास देणं आणि छातीच्या मधोमध दाबणं लगेच सुरू करायचं, आणि दुसऱ्याने १०८ लावायचा.

हे सगळं सासूबाईंसमोर बोला. दोर त्यांच्याच हातात द्या म्हणते मी, त्यांना घेऊन जा पाळीवर. घरी बसून काळजी करण्यापेक्षा तिथं बसून पाहिलेलं बरं.

आता तिथं जाऊन करायचं काय, कारण नुसतं "निसर्ग पाहा" म्हटलं तर लेकरं दहा मिनिटांत परत मोबाईल मागतात आणि मीही मागितला असता. सकाळी साडेसात-आठला जा, ऊन चढायच्या आत. लेकरांना एक काम द्या, शिंगाड्याच्या पानांवर चालणारा पक्षी शोधायचा. कमळपक्षी. बोटं इतकी लांब असतात की तरंगत्या पानावर वजन पसरून जाते आणि तो पाण्यावर चालून राहिला असं वाटते. अंडी उबवायचं, पिल्लं सांभाळायचं सगळं काम नर करतो, मादी पुढच्या घराला मोकळी. हे नणंदेला आणि जावयाला एकत्र सांगा, चांगली करमणूक होईल. जांभळी पाणकोंबडी दिसेल, लाल चोचीची, अडईचा थवा शिट्टी मारत उडेल, खंड्या तर तारेवर बसलेलाच असतो. आणि उघड्या चोचीचा करकोचा, त्याची चोच मिटली तरी मधात फट राहते. तो गोगलगाय खातो, पाळीच्या कडेला रिकाम्या शंखांचा ढीग दिसला तर लेकरांना उचलू द्या, पाहू द्या मांस कुठून काढलं ते. सात वर्षाच्या पोरीला यातच अर्धा तास जातो. बाहेरदेशातून येणारी बदकं दिवाळीत नुकती यायला लागतात, खरी गर्दी डिसेंबर-जानेवारीत, तेव्हा यायला नणंदेला सुट्टी मिळत असेल तर ते दिवस जास्त चांगले, कापणी-मळणीही आटोपलेली असते.

ढिवर दादा शिंगाडे काढत असतील किंवा जाळं टाकत असतील तर काठावर बसून पाहू द्या. तलाव मच्छीमार सोसायटीकडे असतो, तेव्हा आधी विचारायचं, फुकटचे शिंगाडे तोडायचे नाहीत, विकत घ्यायचे. डोंग्यात बसायचा हट्ट करतील, नाही म्हणायचं, लाइफ जॅकेट नाही तर डोंगा नाही. तुमच्याच तालुक्यात ढिवर समाजाच्या बायांनी तलावातली बेशरम उपटून काढली आणि देशी पाणवनस्पती लावल्या, मासे परत आले, पक्षी आले. तुमच्या तलावाला बेशरमचं कुंपण पडलं असेल तर गावातल्या बचत गटाला ही गोष्ट माहीत पाहिजे. त्या बायांना जाऊन भेटणं हीसुद्धा एक सहलच आहे, पण ती तुमच्यासाठी, लेकरांसाठी नाही.

जंगलाचं म्हणाल तर पायी नेऊ नका, एवढंच. वाघापेक्षा मला अस्वलाची भीती जास्त वाटते, अस्वल दबकून निघून जात नाही, अंगावर येते. आणि दिवाळीच्या दिवसांत एक धोका असा आहे जो पुण्याच्या माणसाला स्वप्नातही सुचणार नाही, डुकरासाठी लावलेली तार. धान उभं असते, डुकरं येतात, काही जण सरळ लाईनवरून आकडा टाकून बांधावर उघडी तार सोडतात. गुन्हा आहे, तरी सोडतात, आणि त्यात डुकरासोबत माणसंही गेली आहेत. म्हणून पाहुण्यांना सांगून ठेवा, सूर्य बुडाल्यावर कोणाच्या शेताच्या बांधावरून शॉर्टकट नाही, सकाळी अंधारातही नाही. तुमचे हे सोबत असले तरी नाही, दुसऱ्याच्या शेतात त्याने काय लावलं हे त्यांना कुठून कळणार. दिवाळीत पावणेसहाला अंधार पडायला लागते, म्हणजे पाचला घरी. वाघ-बिबट गावाजवळ दिसला, पायाचे ठसे दिसले तर वनविभागाचा १९२६ नंबर आहे, तिथं सांगायचं, व्हिडीओ काढायला पोट्टे पाठवायचे नाही.

अजून एक, उंच गवतात चादर अंथरून बसू नका, फोटो चांगले येतात म्हणून काही जण बसतात. पावसाळ्यानंतर गवतात-झुडपात बारीक कीटक असतात, त्यांच्या चावण्याने स्क्रब टायफस होतो, २०१८ मध्ये नागपूरकडे बरेच पेशंट निघाले होते. पूर्ण बाह्यांचे कपडे, बसायला पाळीवरची मोकळी जमीन, घरी आल्यावर अंघोळ. हप्ता-दोन हप्त्यांनी ताप आला आणि अंगावर कुठे जळल्यासारखा काळा डाग दिसला तर पुण्याच्या डॉक्टरला सांगायचं की आम्ही गावाकडे गवतात फिरलो होतो, औषध सोपं आहे, पण डॉक्टरच्या लक्षात यायला पाहिजे.

आता पैसे खर्चून एक दिवस बाहेर जायचं असेल तर, आणि मी म्हणते एकच दिवस जा, नवेगाव बांध. तुम्ही म्हणाल ते तर आमचंच, शंभरदा पाहिलं. लेकरांनी नाही पाहिलं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला तलाव, भोवती सात टेकड्या, त्यांना सातबहिणी म्हणतात, आणि काठावर उभं राहिलं तर समोरचा काठ ओळखू येत नाही. हे माणसाने मातीचा बांध घालून केलं, मशीन नव्हत्या, एवढं त्या अकरा वर्षाच्या पोराला सांगा, त्याला समजते. १९७५ चं राष्ट्रीय उद्यान बाजूलाच आहे पण त्याच्या गेटात शिरायची गरज नाही, तलावाकडचा भाग, गार्डन, डबा खाणं यातच दिवस जातो. बोटिंग चालू आहे का बंद, हे निघायच्या आधी तिथल्या ओळखीच्या कोणाला तरी फोन करून विचारा, लेकरांना बोटीचं कबूल करून नेलं आणि बोट काठावर उलटी पडलेली दिसली की दिवसभराची रडारड. बोट असलीच तर जॅकेट घातल्याशिवाय बसायचं नाही, नावाडी म्हणाला काही नाही होत तरी नाही.

त्याच दिवशी नाही पण दुसरा पर्याय हवा असेल तर प्रतापगड, आपल्या तालुक्यातलं, साताऱ्याचा किल्ला नव्हे. टेकडीवर महादेव आणि तिथंच ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गा, दोन्हीकडे लोक जातात. महाशिवरात्रीला पाय ठेवायला जागा नसते, दिवाळीत मोकळं मिळते. चढायला लेकरांना मजा येते, सासूबाईंच्या गुडघ्यांचं त्यांना विचारून घ्या. जवळच तिबेटी कॅम्प आहे, १९७२ पासूनचा, नॉर्ग्येलिंग. थंडीत तिथले बरेच लोक स्वेटर विकायला शहरात गेलेले असतात त्यामुळे शुकशुकाट दिसू शकते, पण मंदिर पाहता येते. पुण्याच्या लेकरांनी मोमो मॉलमध्ये खाल्ले असतील, मोमो ज्यांचे ते लोक मामाच्या तालुक्यात राहतात हे त्यांना माहीत नसेल. मंदिरात चपला बाहेर, आरडाओरडा नाही, आणि कोणाचा फोटो काढायचा तर विचारून. इटियाडोह धरण तिथून जवळच, गाढवी नदीवरचं, पण तिकडे पार्ट्या करणारे टोळके बसलेले असतात आणि सुट्टीच्या दिवशी बाया-लेकरांना घेऊन जायचं तर दुपारच्या आत आटपा. ओव्हरफ्लो चालू असेल तर लांबूनच, त्या घसरड्या दगडांवर सेल्फी नाही.

हाजरा फॉल, कचारगडची गुहा हे सालेकसाकडे आहे, तुम्हाला पूर्ण दिवस आणि गाडी लागेल, यंदा सोडून द्या.

गाडीचा खर्च वाचवायचा असेल तर एक आयडिया सांगते, गोंदिया-बल्लारशा लाईनची पॅसेंजर. अर्जुनीहून बसायचं, दोन-चार स्टेशनं जायचं आणि परतीच्या गाडीने यायचं. नणंद महाराष्ट्र एक्स्प्रेसने एवढा लांबचा प्रवास करून गोंदियाला उतरते तेव्हा लेकरं झोपलेली नाहीतर कंटाळलेली असतात. दिवसाच्या पॅसेंजरमध्ये खिडकीतून जंगल, धान, बोड्या (लहान तळी), बगळे, शेंगदाणे विकणारा. तिकीट किरकोळ. परतीच्या गाडीची वेळ मात्र आधी पाहून ठेवा, नाहीतर संध्याकाळपर्यंत स्टेशनवर बसाल.

आणि मंडई तुम्ही पत्रात लिहिलीच नाही, कमाल आहे! भाऊबीजेपासून आपल्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई असते, दुकानं, पाळणे, दिवसा दंडार (आपला नाचगाण्याचा लोकखेळ), रात्री नाटक. ही लेकरं दरवर्षी नेमकी त्याच दिवसांत येतात आणि घरात बसून मोबाईल पाहतात? न्या की. दंडार दिवसा दाखवा, रात्रीच्या नाटकाला सात वर्षाची पोरगी झोपेल पण मोठ्याला मामासोबत एक रात्र जागू द्या, पूर्ण वर्षभर सांगत फिरेल. दिवाळीची अमावास्या झालेली असते, चंद्र लवकर मावळतो, नाटकाहून येताना टॉर्च दोन मिनिटं बंद करून वर पाहा. पेंचच्या जंगलाला २०२४ च्या जानेवारीत देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान मिळाला, लोक तारे पाहायला तिकडे जातात. तुमच्या अंगणातही काही कमी तारे नसतात, ग्रामपंचायतीने हायमास्ट लावला नसेल तर. लावला असेल तर वाडीत खाट टाका.

आता नणंदेचं. ताई, बोला, पण तुम्ही जे मनात ठरवून ठेवलं असेल ते नका बोलू. "तुमचं पुणं तुम्हाला लखलाभ" हे बोलून तुम्हाला पाच मिनिटं बरं वाटेल आणि दिवाळी खराब होईल. माझं म्हणणं वेगळं आहे. ती पाहुणी म्हणून बोलून राहिली आणि तुम्ही यजमान म्हणून ऐकून घेऊन राहिल्या, पण ती त्या घरची पोरगी आहे. त्या गावात वाढली, त्याच तलावावर गेली असेल, बोरं-चिंचा-चारोळ्या तोडल्या असतील, मंडईत बांगड्या भरल्या असतील. तुम्ही लग्न करून आल्या, गाव तिला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. तर लेकरांना गाव दाखवायची जबाबदारी तिच्यावर टाका, सरळ शब्दांत, "ताई, मला कापणीचं पाहायचं आहे, उद्या सकाळी चारही लेकरांना पाळीवर तुम्ही न्या, आई येतात सोबत, तुम्ही लहानपणी कुठे खेळत होत्या ते दाखवा त्यांना." एवढंच. टोमणा नको, हसून म्हणा. काय होते की शहरात गेलेल्या पोरींना माहेरी येऊन हातपाय पसरून झोपायचं असते, त्यांचंही चुकीचं नाही, वर्षभर तीही राबते. पण मंग लेकरं कोणाची जबाबदारी हे ठरत नाही आणि दोष गावावर जातो.

आणि ती "नको बाई, मला कंटाळा आला" म्हणाली तर? तर मंग तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, लेकरं मोबाईल पाहतील, पाहू द्या, तुमच्या डोक्यावर घेऊ नका. हप्ताभराने जातीलच.

जेवणाचं सांगून ठेवते कारण सहल म्हटली की बाई पहाटे चारला उठून डबे भरते आणि तिथं जाऊन वाढत बसते. दिवाळीचा फराळ असतोच, चिवडा-करंज्या डब्यात, घरून भात आणि वांग्याची भाजी, बस. कोंबडा शिजवायचाच असेल तर शिजवायचं काम तुमचे हे आणि जावई करतील, धरणावर मित्रांसोबत जातात तेव्हा करतातच की. चूल विझवून, पाणी टाकून, पत्रावळी-प्लास्टिक गोणीत भरून परत आणायचं, तेही त्यांनीच.

तुमच्या पत्रातलं ते एक वाक्य, तलावावर फक्त कपडे धुवायला जाते, ते वाचून मी थांबली. पाहुणे गेल्यावरही पाळ तिथंच आहे नं. दोन-तीन बाया मिळून सकाळी चालायला जा, साडी नेसून, चप्पल चांगली घालून, कोणाला काही सांगायची गरज नाही. पहिले चार दिवस लोक विचारतील कुठे चालल्या, मंग विचारणं बंद होते. आणि ग्रामसभेत एक अर्ज द्या, घाटाला धरायला पाईप आणि खोल खड्डे आहेत तिथं बोर्ड. गावातलं लेकरू गेलं तिथं आजवर बोर्ड लागला नसेल तर हे सासूबाईंनीच उठून म्हटलं पाहिजे, त्यांचं कोणी टाळणार नाही. मागच्या वेळी आलेल्या पैशातून झोके-घसरगुंडी बसवली असेल आणि ती आता गंजली असेल, ते असू द्या, आधी बोर्ड.

आता शिंगाडे. कच्चे गोड लागतात, आपण सगळ्यांनीच खाल्ले, पण लेकरांना उकडूनच द्या. तलावाच्या पाण्यातल्या एका जंताचे बारीक कोष सालीला चिकटून असतात आणि दाताने साल सोलली की सरळ पोटात जातात, मंग पोटदुखी, जुलाब. मीठ टाकून चांगली उकळी येऊ द्या, साल विळ्याने काढा, काटे टोचतात म्हणून लहानीला सोलूनच द्या. उरलेले वाळवून पीठ करा, नणंदेसोबत पाठवायला होते, पुण्यात एकादशीला विकत आणते ती.

— तुमची ताई

(पुढच्या वेळी: तुमसरकडच्या एका दादाचं पत्र, आमराई भावाने विकायला काढली त्याबद्दल.)